पऱ्हाटीचा कोळसा

माझ्या सासूच्या डाव्या गालावर, कानापासून जबड्यापर्यंत, दोन बोटं रुंद भाजल्याचा डाग आहे. तो मी केला. जळतं लाकूड हातात घेऊन, ती माझ्या पाया पडायला वाकलेली असताना. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तुम्हाला मागाहून कळलं तर म्हणाल बाईनं लपवलं.

मी वंदना. शिलाईचं काम करते; ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. नवरा बालाजी शेती बघतो. सासूला मी मामी म्हणते. आम्हाला एक मुलगी आहे. त्या दिवसाला आता दोन वर्षं होतील. माझ्या गोळ्या चालू आहेत आणि चालूच राहणार आहेत. ज्यांच्या घरात एखादी बाई झोपेनाशी झालीय, जोरजोरात बोलायला लागलीय, आणि शेजारपाजार हात जोडून उभा राहायला लागलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. कोळशाचंही लिहिणार आहे, कारण दवाखान्यात मी कोळशानं चित्र काढायला शिकले. मनाला शांती मिळावी म्हणून नव्हे. शांती हा शब्द ऐकला की अजून माझं डोकं फिरतं.

*

सुरुवात झोपेपासून झाली. कापसाची वेचणी उरकली होती. मी मशीनवर बसले ते उठेचना. ब्लाउजमागून ब्लाउज शिवत सुटले, कुणाचं माप कुणाला लावलं याचा पत्ता नाही. आवाज चढला. घशातून शब्द असे बाहेर पडायचे की मलाच त्यांच्यामागं धावावं लागायचं. चौथ्या दिवशी मी शेजारच्या काकूंचा पाण्याचा माठ उचलून अंगणात आपटला. तो माझ्याकडे बघून हसत होता असं मला वाटलं.

काकूंनी माठाचं काही मनाला लावून घेतलं नाही. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि मामीला बाजूला घेऊन सांगितलं की ही वंदना नाही, ही देवी आहे. झालं. मामीनं पाट मांडला, मला बसवलं, कपाळभर मळवट भरला. बायका ओटी घेऊन यायला लागल्या. कुणाला पोरीचं लग्न विचारायचं होतं, कुणाला हरवलेली म्हैस. मी उत्तरं देत होते. एकीच्या कानाखाली मी एवढ्या जोरात ओढली की तिच्या नाकातली फुली निखळून पडली. ती उठली, मला नमस्कार केला आणि प्रसाद मिळाला म्हणून हसत गेली. दुसऱ्या दिवशी तीन जणी गाल पुढं करून बसल्या. मी तिघींनाही दिली.

हे ढोंग नव्हतं. माझ्या बोटांतून वीज चाललीय असं मला खरोखर वाटत होतं. पण मला ते आवडतही होतं, हे लपवत नाही. अकरा वर्षं त्या घरात मी पाटावर कधी बसले नव्हते, फक्त पाट मांडले होते. आता सासू माझ्या पायावर डोकं ठेवत होती.

सहाव्या दिवशी मी मुलीची वेणी घालताना तिचे केस एवढे ओढले की ती किंचाळली. बालाजीनं तिला माझ्या भावाबरोबर कुरुंद्याला, माझ्या माहेरी धाडून दिलं. तेवढी अक्कल त्याला सुचली. आमच्या घरात वाईट कुणी नव्हतं, त्यांना जे ठाऊक होतं ते त्यांनी केलं. पण एका माणसानं जरी म्हटलं असतं की ही बाई इतके दिवस झोपली नाही, हिला दवाखान्यात न्या, तर मामीचा गाल आज धड असता. तो राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

*

बाराव्या दिवशी सकाळी मी न्हाणीजवळच्या चुलीपुढं उभी होते. पाणी तापत होतं. खाली पऱ्हाट्या, कापसाची वाळकी झाडं, पेटल्या होत्या, त्यात बाभळीचं एक जाड लाकूड सारलेलं होतं. ते मी ओढून काढलं. का काढलं ते आठवत नाही. त्याचं टोक लालभडक होतं, हे आठवतं.

मामी आली. हातात हळदीकुंकवाचं ताट. मला म्हणाली, "आई, लेकराला तकलीफ देऊ नका, शांत व्हा." आणि ताट खाली ठेवून माझ्या पायाशी वाकली.

तिचं डोकं माझ्यापुढं होतं. पांढरे केस, मधला भांग, डावा कान. मी मारलं. पहिला घाव खांद्यावर बसला, तिनं वर बघितलं, दुसरा गालावर बसला आणि लाकूड तिथंच टेकलं. मी ते उचललं नाही, दाबलं. केस जळाल्याचा वास आला. ती ओरडली नाही. तिच्या तोंडातून हवा गेल्यासारखा आवाज आला, बस. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा बालाजीनं मागून मला धरलं आणि आम्ही दोघं चुलीवरच्या पातेल्यासकट पडलो. उकळतं पाणी त्याच्या मांडीवर सांडलं. मी त्याच्या दंडाला चावले. दोन शेजारी धावून आले. त्यांनी माझ्याच साडीनं माझे हात मागं बांधले. जीपमध्ये घातलं तेव्हा मी समोरच्या सीटला लाथा मारत होते, आणि बाहेर काही बायका अजूनही हात जोडून उभ्या होत्या.

*

हिंगोलीहून नांदेडला नेलं. दवाखान्याचं नाव सांगत नाही, तिथं माझ्यासारख्या अजून बाया असतील. पहिले चार दिवस मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतात. कापडी पट्ट्यांनी बांधलेली मनगटं. इंजेक्शन. सफाईवाल्या मावशींचा अंगठा माझ्या दातांत. मावशी नंतरही रोज यायच्या, अंगठ्याला पट्टी बांधून, आणि मलाच विचारायच्या, "चहा पिती का? आज चावायचं न्हाई मात्र." वॉर्डात माणसासारखं बोलणारं पहिलं माणूस ते.

पाचव्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. तरुण होत्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आजाराचं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं, बायपोलर. झोप उडणं, बडबड, ताकद आल्यासारखं वाटणं, राग, हे सगळं त्यातलंच. बालाजी खाली मान घालून ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "म्हंजे देवी न्हाई का मॅडम?"

"देवीबद्दल मला काही बोलता येणार नाही," त्या म्हणाल्या. "झोपेबद्दल बोलता येतं."

मला विचारायचं होतं ते मी तो बाहेर गेल्यावर विचारलं. त्याच्या चार वर्षं आधी माझं दुसरं बाळ सातव्या महिन्यात गेलं. मी खाटेवर पडलेली होते, भेटायला बायका आल्या होत्या, आणि मामी त्यांना म्हणाली की हिच्या पोटात काही ठरतच नाही. माझ्या देखत. चार वर्षं तिला भाकरी वाढताना ते वाक्य माझ्या डोक्यात होतं. म्हणून मी डॉक्टरबाईंना विचारलं, मारलं ते आजारानं की मी?

त्या म्हणाल्या, राग प्रत्येक घरात असतो, लाकूड उचलायला लावलं ते आजारानं. मी मान डोलावली. मला पटलं नाही. मामीला हॉस्पिटलातून सोडल्यावर ती पुसेगावला, तिच्या लेकीकडे गेली होती. तिनं निरोप धाडला होता की वंदना घरात आहे तोवर मी त्या घराची पायरी चढणार नाही. माझं घर म्हणजे तिचं घर. तिनंच बांधलेलं, सासरे गेल्यावर. आता मी बरी झाले तर तिला घर नाही, आणि ती परतली तर मला.

*

वॉर्डात मंगळवारी आणि शुक्रवारी चित्रकलेच्या ताई यायच्या. आम्हाला पेन्सिल देत नसत. पेन्सिलीला टोक असतं, ब्रशला दांडी असते. म्हणून कोळशाच्या कांड्या. दाबली की मोडते, कुणाला लागत नाही. आमच्या चित्रकलेची सुरुवात ही अशी झाली, आम्ही कुणाला भोसकू नये म्हणून.

ताईंनी माझ्या हातात कांडी ठेवली. बोटाएवढी, हलकी, काळी. मी ती नाकाजवळ नेली आणि समोरच्या कागदावरच ओकले. मग कांडी भिंतीवर फेकली, टेबल लाथेनं उलटवलं, शेजारच्या बाईचा कागद टराटरा फाडला. मला बाहेर नेलं. शुक्रवारी ताईंनी पुन्हा माझ्यापुढं कागद ठेवला, तेव्हा मी सांगितलं की हे मला नको, हे जळकं लाकूड आहे, मी जळक्या लाकडानं माणसाला मारलंय.

ताई साठीच्या होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी दया-बिया दाखवली नाही. म्हणाल्या, "मग तुम्हाला धरायचं कसं ते तरी माहीत आहे. घासा."

मी घासलं. कांडी मोडली. दुसरी दिली, तीही मोडली. त्या दिवशी मी डबाभर कांड्या मोडल्या. कागदाला भोकं पडली, नखांत, नाकात, दातांत काळं. कुणी थांबवलं नाही. बांधल्यावर जे आत कोंडलेलं असतं ते कुठंतरी जायला लागतं, आणि कोळसा ते निमूट घेतो.

तिसऱ्या वेळेपासून शिकवणी सुरू झाली. समोर स्टीलचा पेला. मी खडूनं कापड बेततात तशी पेल्याभोवती एक पक्की रेघ ओढली. वीस वर्षांचा हात, रेघ सरळ आली. ताईंनी विचारलं, ही रेघ पेल्यावर कुठं दिसते ते दाखवा. मी बघितलं. पेल्याला रेघ नव्हतीच. एका बाजूला अंधार होता, एका बाजूला उजेड, आणि दोन्ही भेटतात तिथं पेला संपत होता. मला एवढा संताप आला की मी तो पेला फेकणार होते. वीस वर्षं मी माणसांची मापं घेतली, आणि एक पेला मला धड दिसत नव्हता.

डोळे अर्धे मिटून बघायचं, म्हणजे बारीकसारीक जातं आणि काळंपांढरं उरतं, हे मी तिथं शिकले. कांडी आडवी धरून घासायची, टोकानं नाही. आणि सगळ्यात शेवटी ताईंनी उलटी रीत दाखवली. पूर्ण कागद आधी काळा करायचा, मग नाश्त्याच्या पावाचा आतला मऊ भाग मळून त्यानं कोळसा उचलायचा. जिथून उचलाल तिथं उजेड. ही रीत मला जमली. काळं करणं मला येतच होतं.

*

सहा आठवड्यांनी घरी आले. मुलगी अजून कुरुंद्यालाच होती. बालाजीनं विळी, सुरी, खलबत्ता, सगळं उचलून ठेवलं होतं. माझी कापडाची कात्रीसुद्धा. बोलायला तोंड होतं कुठं? काकू मला बघून रस्ता बदलायच्या. ज्यांना मी कानाखाली दिली होती त्यांनी आता गावभर सांगितलं की वंदनानं त्यांना मारलं. प्रसादाचं नाव नाही.

गोळ्यांनी हात थरथरायचा. सुईत दोरा जाईना. दोरा ओवता न येणारी शिंपीण काय कामाची? कोळशाला मात्र थरथर चालते. ताईंनी दिलेल्या कांड्या संपल्यावर मी स्वतः करायचं ठरवलं. पऱ्हाटीच्या बोटाएवढ्या काड्या सोलून पत्र्याच्या डब्यात दाटून भरायच्या, झाकण घट्ट लावून त्याला खिळ्यानं एक भोक पाडायचं आणि डबा विस्तवात ठेवायचा. भोकातून धूर यायचा थांबला की कोळसा झाला.

त्यासाठी चूल पेटवावी लागणार होती. तीच. बालाजी माझ्या मागं पाण्याची बादली घेऊन उभा राहिला, शेवटपर्यंत. मी काडी ओढली, पऱ्हाट्यांना लावली आणि तिथंच खाली बसले. डबा ठेवला. आम्ही दोघंही धुराकडे बघत होतो, एकमेकांकडे नाही.

कोळसा चांगला निघाला. पुसायला पाव कुठला आणायचा रोज, म्हणून मी ज्वारीची भाकरी घेतली. भाकरीचा चुरा होतो, कागद खरवडतो, काळं जागचं हलत नाही. एक एक कागद फाटत होता. त्याच आठवड्यात मी एक मूर्खपणा केला, तो वाचणाऱ्यांनी करू नये. हात थरथरतो म्हणून मी गोळ्या थांबवल्या. कुणाला न सांगता. चौथ्या दिवशी झोप गेली, पाचव्या दिवशी भाकरीनं पुन्हा कागद फाडला आणि मी तो पत्र्याचा डबा बालाजीच्या डोक्यावर फेकून मारला. भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. त्यानं मला भिंतीशी दाबून धरलं आणि म्हणाला, "काहून अशी करून राहिली तू? गोळी खाल्ली का? खरं सांग." मी त्याच्या तोंडावर थुंकले. मग खरं सांगितलं. त्याच पावली नांदेडची जीप.

या वेळी चार दिवसांतच परतले. गोळी तेव्हापासून चुकलेली नाही. हात थरथरला तर थरथरू दे.

*

मामी आली ती न सांगता, भर दुपारी, पुसेगावच्या जीपमधून उतरून. पिशवी ओट्यावर ठेवली आणि बालाजीला म्हणाली, "माझं घर हाय. मी काहून दुसऱ्याच्या दारात मरू?" माझ्याशी बोलली नाही. डाग मी तेव्हा पहिल्यांदा उघडा बघितला. कातडी गुळगुळीत, फिकट, ओढलेली, आणि तोंडाचा डावा कोपरा त्यामुळं जरा वर गेलेला. मी न्हाणीत जाऊन भिंतीवर कपाळ आपटलं, दोनदा. मग तोंड धुऊन चहा ठेवला.

मामी घरात राहायला लागली. भिंतीला पाठ लावून बसायची. माझ्यासमोर ती वाकायची नाही. दाणे निवडताना एखादा खाली पडला, तर आधी माझ्याकडे तोंड करून उभी राहायची, मी दुसऱ्या खोलीत गेले की मग उचलायची. झाडू तर तिनं हातात धरायचाच बंद केला. हे बालाजीच्या लक्षात आलं नाही. मला दिवसातून वीस वेळा दिसायचं. ती शिव्या देती तर बरं झालं असतं.

महिनाभरानं एका सकाळी मी ओट्यावर बसून लोट्याचं चित्र काढत होते आणि भाकरीनं पुसत होते. मामी दारातून बघत होती. म्हणाली, "भाकरीनं कुठं पुसतंय का, येडे. तिला चिकटा न्हाई." आत गेली, गव्हाची कणीक घट्ट मळून लिंबाएवढा गोळा घेऊन आली आणि लांबूनच ओट्यावर ठेवला. मी लावून बघितला. कोळसा त्याला अलगद चिकटून वर आला. एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

ती गेली नाही. खुर्ची ओढून समोर बसली, चार हातांवर. "माणसाचं काढता येतं का तुला?"

येतं, थोडं थोडं, म्हटलं.

"मग काढ. बराबर काढ."

ताईंनी दिलेला एक जाड कागद मी जपून ठेवला होता. तो पूर्ण काळा केला. मग उजेड काढत गेले. कपाळ, नाकाचा शेंडा, पदराची कड. कांडी दोनदा मोडली. तिच्या डोळ्यांकडे बघावं लागत होतं. लग्न झाल्यापासून मी त्या बाईकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. उजवा गाल झाला. डावा मी काळाच ठेवला, सावलीत गेल्यासारखा. तासाभरानं तिनं हात पुढं केला. मी कागद दिला.

तिनं बराच वेळ बघितलं. "डाग कुठाय?"

मी म्हटलं, नाही काढला.

"काहून?"

जे इतके दिवस मनात होतं तेच बाहेर आलं. मी म्हटलं, मामी, तो मीच केला होता. आजार होता, पण राग माझा होता. बाळ गेलं तेव्हा तुमी जे बोललात, त्याचा.

ते बोलणं तिनं मागं घेतलं नाही, तेव्हाही नाही आणि त्यानंतरही नाही. कागद माझ्या मांडीवर ठेवून ती म्हणाली, "देवीनं मारलं का आजारानं मारलं का तू मारलं, मला ठाऊक न्हाई. पण गाल माझा हाय. डागाबिगर ही बाई मी न्हाई. काढ."

डाग काढायचा म्हणजे तिथं काळं लावायचं नव्हतं. काळं उचलायचं होतं. मी कणकेच्या गोळ्याला हात घातला, गोळा निसटला आणि माझ्याच पायाशी येऊन थांबला. माझ्या मांडीवर कागद, दुसऱ्या हातात पऱ्हाटीचा कोळसा. मला उठता येईना.

मामी उठली. दोन पावलं पुढं आली. आणि वाकली.

पांढरे केस, मधला भांग, डावा कान, सगळं त्या दिवसासारखंच माझ्यापुढं, हातभर अंतरावर. मी हातातला कोळसा मुठीत चुरा होईपर्यंत दाबला. तिनं घाई केली नाही. गोळा उचलला, त्याला लागलेली माती फुंकली, नखानं वरचा थर काढून टाकला, आणि मग सरळ उभी राहून माझ्या काळ्या हातावर ठेवला.

ती परत खुर्चीत जाऊन बसली, डावा गाल माझ्याकडे करून.

"हलू का नको?" तिनं विचारलं.

हलू नका, म्हटलं.